कपडा चालायला लागतो तेव्हा

फॅशन शोचा व्हिडिओ मी पहिल्या खेपेला नेहमी आवाज बंद करून बघते. फॅशनवेड्या मैत्रिणींनाही हे विचित्र वाटतं, कारण शोचं निम्मं वातावरण म्युझिकच तयार करतं ना, दणदणीत बेस सुरू झाला की अगदी साधा काळा कोटसुद्धा भारी वाटायला लागतो. पण मला नेमकं तेच नको असतं. म्युझिक काढून टाकलं की उरते फक्त एक चालत येणारी बाई आणि तिच्या अंगावर हलणारं कापड, आणि मग हळूहळू दिसायला लागतं की पाऊल पुढे पडताना स्कर्ट कुठून सुटतो, हात मागे गेला की जॅकेट पाठीवर ओढलं जातं का, वळताना कोटाचा घेर तिच्याबरोबरच वळतो की क्षणभर मागे राहून मग येतो. आवाज सुरू करून दुसऱ्यांदा बघते तेव्हा शो कधी अजून आवडतो, कधी कळतं की इथे कपड्यांपेक्षा गाणंच जास्त काम करत होतं.

आपण सगळे फॅशन शिकलो ते फोटोंवरून. रॅम्पच्या टोकाला फोटोग्राफर एकमेकांच्या खांद्यावर चढल्यासारखे दाटीवाटीने उभे असतात, सगळ्यांचे कॅमेरे समोर रोखलेले, मॉडेल ठरलेल्या जागी आली की क्लिक, आणि शो संपायच्या आत ते फोटो जगभर पोचलेले असतात. लुक १, लुक २, लुक ३, सगळे समोरून, सगळे एकाच अंतरावरून. शो असतो जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचा, एकेक कपडा डोळ्यांसमोर अर्धा मिनिटही टिकत नाही, त्यामुळे मागे उरतो तो हा फोटोच, आणि "हे असलं कोण घालणार" ही चर्चाही त्याच फोटोवर होते. पाठ कुणी बघितलेलीच नसते. मला विचाराल तर चांगल्या डिझायनरची खरी परीक्षा पाठीत असते, कारण समोर बटणं, खिसे, कॉलर, दागिने असं लपायला खूप काही असतं आणि मागे फक्त कापड, शिवण आणि चालणाऱ्या माणसाचे खांदे.

जिवंत माणसाच्या अंगावर घालून कपडे दाखवायचे ही कल्पना आज इतकी अंगवळणी पडलीय की ती कुणाला तरी पहिल्यांदा सुचली असेल असं वाटतच नाही. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ हा इंग्लंडमधून पॅरिसला आलेला कापडदुकानातला सेल्समन, त्याच दुकानात मेरी व्हर्ने काम करायची, ती शाली अंगावर घेऊन गिऱ्हाइकांसमोर वावरायची आणि त्याने शिवलेले कपडे घालायची, पुढे दोघांनी लग्न केलं. 1858 मध्ये वर्थने भागीदारीत स्वतःचं फॅशन हाऊस काढलं, तिथेही बायका कपडे घालून फिरून दाखवायच्या. त्याआधी नव्या फॅशनची बातमी एका शहरातून दुसऱ्या शहरात जायची ती सजवलेल्या बाहुल्यांमधून आणि छापील चित्रांमधून. म्हणजे गिऱ्हाइकाला कळायचं की गळा कसा आहे, लेस कुठे आहे, पण जिना चढताना या कपड्याचं काय होतं ते नाही कळायचं. मेरी चालायला लागली आणि ते कळायला लागलं. माझ्यासाठी फॅशन शोचा सगळा इतिहास इथून सुरू होतो.

आणि ज्यांनी कपडा बदलला त्यांनी तो हालचालीतूनच बदलला असं मला पुन्हा पुन्हा दिसतं. माद्लेन व्हिओनेने उरेब कट आपल्या कामाच्या मध्यभागी आणला, म्हणजे कापड उभ्या-आडव्या धाग्यावर न कापता 45 अंशात तिरपं कापायचं, मग तेच कापड लवचिक होतं, अंगाला धरून राहतं आणि पाऊल पडलं की सुटतं. ती कागदावर चित्र काढत बसायची नाही, लाकडाच्या छोट्या बाहुलीवर कापड गुंडाळून, फिरवून बघायची. स्क्रीनवर उरेब कट ओळखायला मी शिकले ते घेर बघून. सरळ कापलेला स्कर्ट पायाबरोबर पुढे येतो, उरेबचा किंचित उशिरा येतो आणि आला की लगेच थांबत नाही. 90 च्या दशकात जॉन गॅलियानोने तसले स्लिप ड्रेस पुन्हा आणले, त्यांचे जुने व्हिडिओ सापडले तर नक्की बघा, क्वालिटी खराब आहे, रंग उडालेत, पण तो उशीर स्पष्ट दिसतो.

शनेलचं जॅकेट घ्या. सगळ्यांना माहीत असतं ते ट्वीड, बटणं, चार खिसे. पण त्या जॅकेटच्या आत, खालच्या काठाला अस्तरावर एक बारीक साखळी शिवलेली असते, तिच्या वजनाने जॅकेट सरळ खाली राहतं, हात वर केला तरी परत जागेवर येतं. मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती जागा, वर आणि घट्ट कापलेला, म्हणजे हात हलला तरी सगळं जॅकेट वर उचललं जाणार नाही. ऐकताना उलटं वाटतं, मुंढा मोठा म्हणजे हात मोकळा असं आपण धरून चालतो, पण मुंढा खाली उतरवला की हाताबरोबर अख्खी बाजू वर येते. र्‍यू काँबाँ या पॅरिसच्या रस्त्यावर कोको शनेलच्या सलोनमध्ये, म्हणजे कपडे दाखवायच्या दालनात, आरशांचा जिना आहे, त्याच्या पायऱ्यांवर बसून ती शो बघायची, खाली पाहुणे बसलेले, मॉडेल्स फिरतायत आणि आरशांमध्ये त्या सगळ्या बाजूंनी दिसतायत. मला हे फार आवडतं, की समोरच्या खुर्चीत न बसता तिने अशी जागा निवडली जिथून पाठही दिसेल.

12 फेब्रुवारी 1947 ला क्रिस्तियान डिओरचा पहिला शो झाला. त्या शोबद्दल वाचताना माझ्या डोक्यात राहिली ती एक बारीकशी गोष्ट, ती म्हणजे ॲशट्रे. मॉडेल्स त्या गच्च भरलेल्या सलोनमध्ये इतक्या वेगात फिरत होत्या आणि स्कर्टना इतका घेर होता की वळताना लोकांच्या बाजूचे ॲशट्रे उडाले. युद्ध नुकतंच संपलेलं, बायकांनी वर्षानुवर्षं मापून मिळालेल्या कापडाचे तोकडे, चौकोनी खांद्यांचे कपडे घातलेले, आणि समोर हा माणूस एकेका स्कर्टमध्ये मीटरच्या मीटर कापड ओततोय. हार्पर्स बझारच्या संपादक कार्मेल स्नो यांनी त्याला न्यू लुक म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. काहींना प्रचंड राग आला, टंचाईच्या काळात ही उधळपट्टी म्हणून निदर्शनंही झाली, आणि तो राग मला समजतो. पण त्या शोमधल्या बार सूट नावाच्या जॅकेट-स्कर्टचा जो प्रसिद्ध फोटो आहे, हॅट, ग्लोव्हज, एक पाय नेमका पुढे, त्यात बाई पुतळ्यासारखी उभी आहे. त्यावरून कसं कळणार की त्या सकाळी सलोनमध्ये नेमकं काय झालं? चुण्यांचा तो स्कर्ट फिरताना कसा दिसला असेल याचा अंदाज मला फोटोपेक्षा त्या ॲशट्रेवरून जास्त येतो.

बालेन्सियागाबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे कारण तो माझा सगळ्यात लाडका. क्रिस्तोबाल बालेन्सियागाच्या शोमध्ये म्युझिक नसायचं. शांतता. मॉडेल्सनी हसायचं नाही, गिऱ्हाइकांकडे बघायचं नाही, हातात नंबरचं कार्ड घेऊन चालत यायचं आणि जायचं. बघणाऱ्याला कपड्याची सळसळ ऐकू येत असणार. आवाज बंद करून शो बघायची माझी सवय त्याचं वाचल्यावर पक्की झाली. तो स्वतः कापायचा, स्वतः शिवायचा, बाही मनासारखी बसली नाही तर उसवून परत लावायचा, आणि त्याच्या बाह्या बघितल्या की हा हट्ट कशासाठी ते कळतं. त्याने बाही मनगटाच्या थोडी वर संपवली, म्हणजे मनगट दिसतं, ब्रेसलेट दिसतं, हात लांब आणि नाजूक दिसतो. कॉलर मानेपासून थोडी लांब, मागे सरकवलेली, म्हणजे मान मोकळी होते आणि कोणाचीही मान उंच वाटते, अगदी कोणाचीही. 1958 च्या सुमाराला त्याच्यासाठी गझार नावाचं सिल्क तयार झालं, हलकं पण ताठ, अंगापासून सुटून उभं राहणारं. त्याच्या 60 च्या दशकातल्या गझारच्या ड्रेसमध्ये बाई चालते तेव्हा आत हवा शिरते आणि ड्रेस तिच्याभोवती किंचित तरंगतो. शरीर आणि कापड यांच्यात मोकळी जागा ठेवायची ही कल्पना मला तिथे पहिल्यांदा समजली, आणि ओव्हरसाइझ कपड्यांमध्ये जो फरक मला आधी जाणवायचा पण सांगता यायचा नाही तो सांगता यायला लागला. मोठ्या मापाचा कपडा नुसता लोंबतो, आणि मोकळा म्हणून कापलेला कपडा अंगापासून दूर राहूनही आकार धरतो.

या एका माणसाकडून मी जे घेतलं ते कुठल्याही शर्टवर रोज करता येतं. बाही मनगटाच्या वर घ्यायची, कॉलर मागे ढकलायची. बस. पैसे लागत नाहीत, नवीन काही घ्यावं लागत नाही, आणि आरशात उभं राहण्याची पद्धतच बदलते.

आता व्हर्साय. हा किस्सा मी ज्याला त्याला सांगत सुटते. 28 नोव्हेंबर 1973, व्हर्सायचा राजवाडा, त्याच्या दुरुस्तीसाठी निधी जमवायचा म्हणून अमेरिकन फॅशनच्या प्रसिद्धीचं काम करणाऱ्या एलेनॉर लॅम्बर्ट यांनी जुळवून आणलेला कार्यक्रम. एकीकडे पाच फ्रेंच डिझायनर, सॅं लोराँ, कार्दँ, उंगारो, जिव्हॉन्शी आणि डिओरचे मार्क बोहॉं. दुसरीकडे पाच अमेरिकन, बिल ब्लास, हॉल्स्टन, ऑस्कर दे ला रेंटा, ॲन क्लाइन आणि स्टीव्हन बरोज. पॅरिसच्या लेखी तेव्हा अमेरिकन डिझायनर म्हणजे रोजचे कपडे शिवणारे लोक. फ्रेंच लोकांनी जय्यत तयारी केलेली, मोठमोठे सेट, ऑर्केस्ट्रा, नर्तक नुरेयेव्हचा बॅले, गायिका जोसेफिन बेकर, सगळं मिळून दोन तासांहून जास्त चाललं. अमेरिकनांचा पडदासुद्धा धड नव्हता, कारण इंच आणि सेंटीमीटरच्या घोळात तो चुकीच्या मापाचा निघाला. मग उरलं काय, तर गायिका-नटी लायझा मिनेली, टेपवर वाजणारी गाणी, जवळपास रिकामं स्टेज आणि मॉडेल्स. 36 पैकी 10 कृष्णवर्णीय, पॅट क्लीव्हलँड, बेथन हार्डिसन, बिली ब्लेअर, अल्व्हा चिन आणि इतर. त्या काळात तशा स्टेजवर ही अगदी न बघितलेली गोष्ट.

आणि त्या नुसत्या चालल्या नाहीत. बेथन हार्डिसन अशा ताठ मानेने पुढे आली आणि प्रेक्षकांच्या डोळ्याला डोळा भिडवून थांबली, पॅट क्लीव्हलँड गिरक्या घेत घेत स्टेजच्या कडेपर्यंत गेली. अर्ध्या-पाऊण तासात सगळा कार्यक्रम संपला आणि लोकांनी हातातल्या कार्यक्रमपत्रिका हवेत उडवल्या. स्टीव्हन बरोजचे ते जर्सीचे, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या विणीच्या कापडाचे, ड्रेस म्हणजे माझ्या म्हणण्याचा पुरावाच आहेत. तो काठ शिवताना कापड ताणून धरायचा आणि झिगझॅग टाका मारायचा, सोडलं की काठ लेट्यूसच्या पानासारखा वळायचा. हँगरवर असताना तो काठ नुसता सुरकुतलेला दिसतो. बाई चालली, नाचली, की तो उसळतो. म्हणजे त्याने ड्रेस अर्धवट शिवून उरलेला भाग चालणारीवर सोपवला होता, आणि चालणारी पॅट क्लीव्हलँड असेल तर तो पूर्ण कसा झाला असेल विचार करा. सेट, पैसा, परंपरा सगळं समोरच्या बाजूला होतं तरी ती रात्र गाजली ती चालण्यावर.

म्हणून भव्य सेटबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. शनेलसाठी डिझायनर कार्ल लागरफेल्डने पॅरिसच्या ग्रां पॅले या मोठ्या प्रदर्शन-दालनामध्ये काय काय उभं केलं, स्वीडनहून आणलेला हिमनगाचा बर्फ, अख्खं सुपरमार्केट, उड्डाण करणारं रॉकेट, धबधबे. बघायला मजा येते, मी बघतेही, पण नंतर आठवायला गेलं तर कपडे आठवत नाहीत.

तमाशा म्हणजे वाईट असं मात्र अजिबात नाही. ॲलेक्झांडर मॅक्क्वीनने सप्टेंबर 1998 मध्ये लंडनला जो शो केला त्याच्या शेवटी मॉडेल शॅलोम हार्लो पांढऱ्या फुगीर ड्रेसमध्ये एका फिरत्या लाकडी चकतीवर उभी आहे आणि दोन्ही बाजूंना दोन इंडस्ट्रियल रोबो. रोबो आधी आळस दिल्यासारखे हलतात, तिच्याकडे वळतात आणि मग तिच्या अंगावर काळा आणि पिवळा रंग फवारायला लागतात, ती हात वर करते, तोंड झाकते, मागे झुकते. शेवटी ती चकतीवरून उतरून प्रेक्षकांसमोर येते, ड्रेस तिथेच, त्या मिनिटाला तयार झालेला. याच शोमध्ये एमी मुलिन्स, जिचे दोन्ही पाय गुडघ्याखाली नाहीत, लाकडात कोरलेल्या कृत्रिम पायांवर चालली, वेलबुट्टी कोरलेले ते पाय म्हणजे बूट असतील असंच बघणाऱ्यांना वाटलं. मी हा शो किती वेळा बघितला असेल सांगता येणार नाही, आणि दरवेळी एमी मुलिन्स आली की मी पुढे सरकून बसते. तिची चाल इतरांसारखीच आहे, थोडी सावध, आणि त्या सावधपणात जी ऐट आहे ती शिकवून येत नाही.

24 वर्षांनी पॅरिसमध्ये कोपर्नी या ब्रँडने मॉडेल बेला हदीदवर ड्रेस फवारला तेव्हा सगळ्यांना मॅक्क्वीन आठवला, साहजिकच. तुलना करणारे बरेच लोक म्हणाले की ही व्हायरल होण्यासाठी केलेली युक्ती. मला तसं वाटत नाही, कारण त्यात एक वेगळी गोष्ट होती. मानेल तोरेसने बनवलेला तो द्रव अंगावर पडला की धागे एकमेकांत अडकून वाळतात आणि कापड तयार होतं. काही मिनिटं फवारणी चालली, सगळे फोन वर, आणि मग एक बाई पुढे आली, खांद्यावरचे पट्टे खाली सरकवले, कात्रीने मांडीपाशी एक फट कापली. आणि बेला चालली. तोपर्यंत तो रंग होता, चालल्यावर तो ड्रेस झाला, फट उघडत मिटत होती, कापड पायाबरोबर हलत होतं. चाललीच नसती तर तो प्रयोगशाळेतला नमुना राहिला असता.

हुसेन चालायानचा फेब्रुवारी 2000 चा शो मात्र मी कुणालाही पहिल्यांदा दाखवते तेव्हा काही न सांगता दाखवते. लंडनमधलं सॅडलर्स वेल्स थिएटर, स्टेजवर बैठकीची खोली, चार खुर्च्या, मध्ये गोल लाकडी टेबल. शेवटी मॉडेल्स येतात, खुर्च्यांची कव्हरं काढून ड्रेस म्हणून अंगावर घालतात, खुर्च्या मिटून सुटकेस होतात. मग एक जण टेबलाच्या मधल्या भोकात पाय ठेवते, कडा वर उचलते आणि लाकडाची वर्तुळं एकातून एक बाहेर येत तिचा स्कर्ट होतो. आणि त्या निघून जातात. खोली रिकामी. चालायान सायप्रसमध्ये जन्मलेला, फाळणी झालेला देश, घर सोडून जावं लागलेली माणसं त्याने लहानपणी जवळून बघितलेली. अचानक निघायचंय आणि घर बरोबर न्यायचंय, तर अंगावर घालून न्या, एवढी साधी आणि इतकी भयंकर कल्पना. मी रडले होते पहिल्यांदा. त्या लाकडी स्कर्टमध्ये ती जशी चालते, लहान लहान पावलं, दोन्ही हात कमरेपाशी धरलेले, ते घर उचलून नेणाऱ्या माणसाचंच चालणं आहे.

कपडा चालीला अडवू शकतो, हेही रनवेवर दिसतं. 1993 मध्ये व्हिव्हियन वेस्टवूडच्या निळ्या, उंचच उंच प्लॅटफॉर्म बुटांतून नेओमी कॅम्पबेल पडली, हसली, उठली आणि पुढे गेली, ते बूट आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. मॅक्क्वीनच्या ऑक्टोबर 2009 च्या शोमधले ते जवळजवळ फूटभर उंच, खवल्या मांजराच्या पाठीसारखे बूट घालून मॉडेल्स अशा चालतात की माणसाची चाल वाटतच नाही, आणि त्याला तेच हवं होतं, समुद्राची पातळी वाढलीय आणि माणूस परत पाण्यातला प्राणी होतोय असा तो शो. इसे मियाकेचं बरोब्बर उलटं. त्याने आधी कपडा अडीच-तीन पट मोठा शिवला, मग कागदाच्या थरांमध्ये घालून उष्णतेने प्लीट्स, म्हणजे चुण्या, पाडल्या, पॉलिएस्टर असल्यामुळे त्या धुतल्या तरी जात नाहीत, आणि हे सगळं पक्कं केलं ते नृत्यदिग्दर्शक विल्यम फोर्सिथच्या नर्तकांच्या अंगावर. ते नाचले, ताणले, लोळले, आणि मग 1993 मध्ये प्लीट्स प्लीज ही लाइन आली. म्हणूनच त्या कपड्यात कुठल्याही वयाच्या, कुठल्याही आकाराच्या माणसाला हात वर करून गोल फिरावंसं वाटतं.

मला विचारतात की एवढं बघून स्वतःच्या कपड्यांसाठी यातलं काय उपयोगी पडतं. खूप पडतं, पण अख्खा लुक कधीच नाही. अख्खा लुक उचलला की तो दुसऱ्या कुणाचा तरी राहतो. मी एकच काहीतरी घेते. म्युशिया प्रादाचा 1996 च्या समरचा शो, मळके तपकिरी, उदासवाणे हिरवे, जुन्या पडद्यांवर असतील असे प्रिंट, लोक चक्क कुरूप म्हणाले त्याला. मी त्यातून रंगांची भीती घालवायला शिकले, म्हणजे एकमेकांना न शोभणारे दोन रंग शेजारी ठेवले आणि तिसरा एखादा गप्प रंग मध्ये आणला की ते भांडण छान दिसतं. ड्रीस व्हान नोटन यात सगळ्यांचा गुरू, त्याच्या प्रत्येक शोमध्ये मी फक्त रंगांच्या जोड्या बघते, मोहरी आणि जांभळा, गंजासारखा लाल आणि फिकट निळा, स्क्रीनशॉट काढून ठेवते आणि कपाटात तेच रंग शोधते. डिझायनर फीबी फायलोकडून घेतलं ते आरामात उभं राहणं. सेलीन या ब्रँडमधल्या तिच्या मॉडेल्सच्या पँट ऐसपैस, हात खिशात, आणि ती स्वतः शोच्या शेवटी पांढरे स्नीकर्स घालून बाहेर यायची. त्या खिशांची जागा बघा कधीतरी. हात सहज पडेल तिथेच असतात, खांदे आपोआप खाली येतात, मान मोकळी होते. मी आता कुठलीही पँट घालून बघताना आधी खिशात हात घालते आणि चार पावलं चालते, आरसा त्यानंतर.

सप्टेंबर 2022 मध्ये बोतेगा व्हेनेता या ब्रँडच्या शोमध्ये मॉडेल केट मॉस चेक्सचा शर्ट आणि जीन्स घालून आली. फोटोत बघितलं तर यात काय विशेष, शनिवारी सकाळी कुणीही घालेल. पण ते सगळं लेदर होतं, शर्टसुद्धा, त्यावर इतकं बारीक प्रिंटिंग केलेलं की कापडच वाटावं. व्हिडिओत मात्र शर्टाची घडी सुती शर्टासारखी पटकन मोडत नाही, जरा सावकाश, जड पडते. तिथला डिझायनर मॅथ्यू ब्लेझीने केलेलं ते काम बघून मी त्याच्यावर नजर ठेवायचं ठरवलं.

प्रेरणा फक्त रनवेवरूनच घ्यायची असं अर्थातच नाही. न्यूयॉर्क टाइम्सचे बिल कनिंगहॅम यांनी दशकानुदशकं सायकलवरून फिरत रस्त्यावरच्या लोकांचे फोटो काढले, अंगात फ्रेंच सफाई कामगारांचं निळं जॅकेट, आणि सगळ्यात चांगला फॅशन शो रस्त्यावरच असतो असं ते म्हणायचे. त्यांच्या फोटोंमध्ये लोक पोज देत नाहीत, डबकं ओलांडत असतात, वाऱ्यात छत्री सांभाळत असतात, घाईत रस्ता क्रॉस करत असतात. कोट त्या घाईत कसा उघडतो हे त्यांना नेमकं दिसायचं.

अलीकडे चाल हीच वेगळी कला झालीय, शोसाठी मूव्हमेंट डायरेक्टर नेमतात. 2019 मध्ये मार्जिएला या ब्रँडच्या शोमध्ये मॉडेल लिऑन डेम जसा पाय आपटत, खांदे वाकवून, रागावल्यासारखा गेला ते सगळ्या जगाने बघितलं, आणि जानेवारी 2024 मध्ये गॅलियानोने त्याच ब्रँडसाठी पॅरिसच्या पाँ अलेक्झांद्र पुलाखाली जो शो केला त्यात तर प्रत्येकाची चाल म्हणजे एक पात्र होतं, कुणी थंडीत कुडकुडणारं, कुणी रात्रभर पिऊन परतणारं, चेहरे चिनी मातीच्या बाहुल्यांसारखे चकाकणारे. चालवण्यामागे दोन्हीकडे मूव्हमेंट डायरेक्टर पॅट बोगुस्लाव्हस्की. काहींना हे नाटकी वाटतं. मला वाटतं कपडे जर तेवढे ताकदीचे असतील तर नाटक त्यांना शोभतं, आणि त्या आवळलेल्या कंबरा, पावसात भिजल्यासारखे दिसणारे कोट, ते नुसते सरळ चालून दाखवले असते तर अर्धेही कळले नसते. पण दुसरे काही ब्रँड साध्या हुडीसाठीही मॉडेलला अशी चाल चालायला लावतात तेव्हा ती फक्त पंधरा सेकंदांच्या उभ्या व्हिडिओसाठी आहे हे लगेच कळतं, आणि तो सीझन मी तिथेच सोडून देते.

ब्लेझी आता शनेलमध्ये आहे. ऑक्टोबर 2025 मधला त्याचा पहिला शो, ग्रां पॅले, वर लटकणारे मोठमोठे ग्रह, खाली चकचकीत काळी जमीन. सेट भव्यच होता, पण माझं लक्ष जॅकेटवर, आणि जॅकेट हलकी झालेली, हात खिशात, मॉडेल्स रमतगमत चालल्यासारख्या. शेवटचा लुक मॉडेल अवार ओधियांगचा. वर साधा टीशर्टसारखा टॉप, खाली पिसापिसांचा प्रचंड रंगीत स्कर्ट. ती आली ती हसतच, आणि मग गोल फिरायला लागली, हात पसरून, टाळ्या वाजवत, स्कर्ट तिच्याभोवती उसळतोय, आणि सगळी माणसं तिच्याबरोबर हसायला लागली. मी नेहमीप्रमाणे आवाज बंद ठेवला होता आणि तरीही मला ऐकू आल्यासारखं वाटत होतं. त्या लुकचा उभा फोटो फारसा काही सांगत नाही, थोडा जडच दिसतो स्कर्ट. मी त्यातून घेतलं ते एवढंच की खाली कितीही दंगा असला तरी वर टीशर्ट चालतो, आणि टीशर्ट असेल तर हात मोकळे राहतात. सध्या माझ्याकडे जो सगळ्यात घेरदार स्कर्ट आहे तो मी याच पद्धतीने घालतेय.